जी.आय. खिळा हाताने वाकवायला साध्यापेक्षा सोपा का जातो? (जस्त, तार आणि चिवटपणा)

मनगट_ठाणे | सोमवार, रात्री ९:४०

खिळे वाकवण्याचा सराव करणाऱ्यांसाठी आणि धातूकाम कळणाऱ्यांसाठी हा धागा.

जांभळी नाक्याच्या बाजूला मिळणारे दोन प्रकारचे खिळे समोर आहेत. दोन्ही ६ इंची, दोन्ही ४ गेजचे (गेज म्हणजे जाडीचा आकडा, आकडा लहान तितका खिळा जाड) म्हणून विकलेले. एक साधा काळपट-चकचकीत, दुसरा जी.आय., म्हणजे जस्त चढवलेला. दोन्ही हात वरून धरून (तळवे खाली) वाकवले तर जी.आय. खिळा पहिल्या झटक्याला लवकर दबतो, पण टोकं एकमेकांजवळ आणताना जड होत जातो. साध्याचं उलट आहे. सुरुवातीला हलत नाही, एकदा वाकायला लागला की पुढे सारखाच जोर लागतो.

गटातल्या बऱ्याच जणांचं म्हणणं असं की जस्तामुळे पोलाद नरम पडतं. काहींच्या मते जस्ताचा थर चढला की खिळा आणखी कडक व्हायला हवा. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. नक्की काय होतं? आणि सराव मोजून करायचा असेल तर दोन्ही प्रकार एकाच यादीत धरावेत का?

कळंबोली_बाजार | सोमवार, रात्री १०:१५

आधी व्हर्नियर (जाडी मोजायची पट्टी) लावा. ४ गेज म्हणजे ५.८९ मिमी. पुडक्यावर ४ लिहिलेलं असतं आणि आत ५ गेज (५.३८ मिमी) निघतो, हे खिळ्यांत नेहमीचं. वाकवायला लागणारा जोर व्यासाच्या घनावर जातो. ५.८९ चा घन २०४, ५.३८ चा १५६. म्हणजे एका गेजच्या फरकात जवळपास चौथा हिस्सा जोर कमी. जस्ताची चर्चा त्यानंतर.

जी.आय. खिळा मोजताना जस्तासकट मोजला जातो, हेही लक्षात ठेवा.

मनगट_ठाणे | सोमवार, रात्री १०:३२

मोजले. साधा ५.८७ ते ५.९०. जी.आय. ५.९० ते ५.९८, गाठी असतील तिथे जास्त. गेजची गडबड नाही.

धातुवेत्ती | मंगळवार, सकाळी ७:०५

छान प्रश्न आहे, पण आधी शब्द सरळ करून घेऊ, नाहीतर चर्चा घसरते. आपण ‘कडक’ हा एकच शब्द तीन गोष्टींना वापरतो.

काठिण्य म्हणजे पृष्ठभागावर ओरखडा किंवा खड्डा पडायला होणारा विरोध. ताकद म्हणजे कायमचं वाकण्याआधी (आणि वाकत असताना) पोलाद किती ताण सोसतं ते. चिवटपणा म्हणजे तुटेपर्यंत किती ऊर्जा पोटात घेतं ते. तुमच्या मनगटाला जाणवते ती ताकद, चिवटपणा नव्हे. खिळा वाकून इंग्रजी यू होतो आणि तुटत नाही, तिथे चिवटपणा पुरेसा आहे एवढंच कळतं. चिवटपणा संपतो तेव्हा खिळा ‘जड’ लागत नाही, कट्‌दिशी तुटतो.

म्हणून प्रश्न दोन झाले. जस्त चढवण्याने ताकद बदलते का? आणि जस्त चढवण्याने तुटण्याचा धोका वाढतो का? उत्तरं वेगवेगळी आहेत.

जस्ताच्या थराचा स्वतःचा वाटा आधी निकालात काढू. गोल सळई पूर्ण वाकवायला लागणारं आघूर्ण (जोर गुणिले अंतर) म्हणजे ताकद गुणिले व्यासाचा घन भागिले ६. ५.८९ मिमी आणि ६५० मेगापास्कल (ताकदीचं एकक) धरले तर साधारण २२ न्यूटन-मीटर. याच खिळ्यावर ५० मायक्रॉन (०.०५ मिमी) जस्ताची नळी आहे असं समजा, शुद्ध जस्ताची ताकद १०० मेगापास्कल धरा, तर त्या नळीचं आघूर्ण ०.१८ न्यूटन-मीटर येतं. एक टक्क्याहूनही कमी. शिवाय त्या थराचा आतला भाग लोह-जस्त मिश्रधातूंचा असतो आणि वाकताना तो तडकतो, म्हणजे तोही हिशोबातून जातो. जस्त खिळ्याला मजबूत करत नाही.

उलट बाजूने पाहा. दोन खिळे बाहेरून सारखे ६ मिमी मोजले आणि एकावर दोन्ही बाजूंनी ५०-५० मायक्रॉन जस्त असेल, तर त्याचं पोलाद ५.९ मिमीच आहे. घनाच्या हिशोबात ५ टक्के तूट. एवढा फरक हाताला जाणवेल न जाणवेल.

जस्तभट्टी | मंगळवार, सकाळी ८:२०

ताईंच्या हिशोबाशी सहमत. भट्टीत काय होतं ते मी सांगतो, कारण ‘जस्तामुळे नरम’ हा समज तिथूनच येतो.

हॉट डिपचा, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवण्याचा क्रम असा: कॉस्टिकमध्ये तेल-साबण काढायचा, पाणी, मग पिकलिंग म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिडने सफाई, पुन्हा पाणी, झिंक अमोनियम क्लोराइडचा फ्लक्स, पूर्ण सुकवणं आणि मग वितळलेलं जस्त. सुकवणं वगळलं की ओला माल जस्तात तडतडून उडतो, फार घातक. जस्त ४१९.५ अंशाला वितळतं, कढई ४५० च्या आसपास ठेवतात. खिळे भोकाच्या बादलीत बुडवतात, मिनिट-दोन मिनिटं, आणि बाहेर काढल्या काढल्या ती बादली सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. फिरवायला उशीर झाला की खिळे एकमेकांना चिकटतात आणि डोक्याखाली जस्ताच्या गाठी राहतात.

थराची रचना आतून बाहेर: पोलादाला लागून पातळ गॅमा, मग डेल्टा, मग झीटा, सगळ्यात बाहेर जवळपास शुद्ध जस्ताचा ईटा. ईटा मऊ, विकर्स काठिण्य ७० च्या घरात. डेल्टा २४० च्या पुढे, म्हणजे खालच्या साध्या पोलादापेक्षाही कठीण. वाकवताना बाहेरच्या वळणावर जे बारीक आडवे तडे दिसतात आणि करड्या खपल्या उडतात, ते या मधल्या थरांमुळे. तडा पोलादाच्या हद्दीशी थांबतो.

पोलादात सिलिकॉन ०.०३ ते ०.१२ टक्क्यांमध्ये असेल तर मधले थर बेसुमार वाढतात, खिळा निस्तेज करडा आणि जाड होतो. असा खिळा वाकवताना पोपडे पडतात. फडक्यात त्यांची धार लागते, म्हणून हातात गुंडाळायचं कापड झटकून घ्या, आणि जेवणाआधी हात धुवा.

पण ४५० अंशाला दोन मिनिटांत पोलाद ॲनील होत नाही, म्हणजे तापून नरम पडत नाही. ओढलेल्या नरम कार्बनच्या तारेची नव्याने स्फटिकरचना व्हायला साधारण ५०० ते ५५० अंशांच्या वर जावं लागतं. ४५० ला आतले ताण थोडे सैल होतात, ताकद किंचित उतरते. तुम्ही म्हणताय तेवढा ढळढळीत फरक यातून येणार नाही.

पंजा_ऐरोली | मंगळवार, दुपारी १:१०

मग फरक आला कुठून? ‘जी.आय. सोपा’ हे एका गटाचं म्हणणं नाही, ठाण्यात नि नवी मुंबईत दोन्हीकडे ऐकू येतं. आणि काही जी.आय. खिळे उलट साध्याइतकेच जड लागतात.

तारओढ_तळोजा | मंगळवार, संध्याकाळी ६:४५

उत्तर तारेत आहे. सगळे जस्ताकडे बघताहेत, जस्ताच्या आधी तारेचं काय झालं ते बघा.

साधा खिळा एच.बी. वायरपासून बनतो, म्हणजे हार्ड ब्राइट. ०.१० टक्क्याच्या आतबाहेर कार्बनचा वायर रॉड घ्यायचा, स्केल काढायचं, साबणाच्या भुकटीतून डायमधून (बारीक होत जाणाऱ्या भोकातून) थंडच ओढायचं. एका डायला क्षेत्रफळ १५ ते २५ टक्के कमी होतं. गरम रोल केलेल्या रॉडची ताकद ३५० ते ४०० मेगापास्कल असेल, ओढून ती ६०० ते ८०० पर्यंत जाते. ही सगळी थंड कामातून आलेली ताकद. खिळ्याच्या मशीनवर फक्त डोकं ठोकलं जातं आणि टोक कापलं जातं. दांडा जसा तारेत होता तसाच राहतो.

जी.आय. खिळा दोन वाटांनी बनतो.

पहिली वाट: एच.बी. तारेचा खिळा आधी बनवला आणि मग जस्तभट्टी साहेबांनी सांगितलं तसा बुडवला. याचा दांडा साध्या खिळ्याच्या जवळपास तेवढ्याच ताकदीचा राहतो.

दुसरी वाट: आधीच जस्त चढवलेल्या जी.आय. तारेपासून खिळा कापला. कुंपणाला आणि बांधायला जी सॉफ्ट जी.आय. तार लागते, तिच्या लाइनमध्ये तार जस्तात जाण्याआधी भट्टीतून किंवा शिशाच्या कढईतून ॲनील होते, ७०० अंशांच्या आसपास. ओढून आलेली सगळी ताकद तिथे उतरते. मग पिकलिंग, फ्लक्स, जस्त. अशा तारेचा खिळा ४०० मेगापास्कलच्या घरात असतो. ५.८९ मिमीला १३ ते १४ न्यूटन-मीटर. ताईंनी एच.बी.साठी २२ काढले. हा फरक मनगटाला कळणारच.

नरम तार वाकताना स्वतःच कडक होत जाते. ६ मिमीचा खिळा १२ मिमी त्रिज्येत वळवला तर बाहेरची कड २० टक्के ताणली जाते, आणि तेवढ्या ताणात ॲनील केलेलं पोलाद बरंच वर चढतं. एच.बी. तार आधीच चढलेली असते, तिच्यात आणखी चढायला जागा थोडी. म्हणून एक सुरुवातीला सोपा नि शेवटी जड, दुसरा सुरुवातीला जड नि पुढे सपाट. धागाकर्त्याने जे वर्णन केलंय ते नेमकं हेच आहे. जस्ताचा यात काही दोष नाही.

मनगट_ठाणे | मंगळवार, रात्री ८:५०

माझा खिळा कुठल्या वाटेचा, हे घरी ओळखता येईल का?

तारओढ_तळोजा | मंगळवार, रात्री ९:२०

टोक बघा. खिळा बनवून मग बुडवला असेल तर टोकाच्या चारही कापांवर जस्त असतं, टोक बोथट आणि गोलसर दिसतं, डोक्याखाली गाठी असतात. जी.आय. तारेतून कापला असेल तर टोकाचे काप उघडे, पोलादाचे चकचकीत, आणि दांडा एकसारखा गुळगुळीत. असा खिळा ओल्या फडक्यात रात्रभर ठेवला की टोकावर आणि डोक्याच्या कडेला तांबूस गंज येतो, मधला दांडा स्वच्छ राहतो.

कळंबोली_बाजार | मंगळवार, रात्री ९:४५

तिसरा प्रकार राहिला. पुष्कळ दुकानांत झिंक प्लेटिंगच्या खिळ्यालाही जी.आय. म्हणूनच देतात. तो चकचकीत, निळसर झाक किंवा पिवळा. विजेच्या आंघोळीतून चढवलेला ५ ते १२ मायक्रॉनचा थर. त्यात उष्णता नाहीच, म्हणून तार जशी होती तशीच राहते. पुडक्यावरच्या नावावर जाऊ नका, खिळा हातात घेऊन बघा.

मनगट_ठाणे | बुधवार, सकाळी ६:३०

भिंग लावून पाहिलं. टोकाचे चारही काप उघडे, एका कापाच्या कडेला जस्ताची पातळ जीभ ओढली गेली आहे, जशी कटर बाहेर पडताना मऊ धातू खेचतं तशी. डोक्याच्या कडेला जस्त तडकून खाली काळसर पोलाद दिसतंय. दांड्यावर गाठी अगदी थोड्या. म्हणजे दुसरी वाट.

आता हे आकड्यात कसं धरायचं? जिममधल्या वजनांसारखी यादी करता येईल का?

धातुवेत्ती | बुधवार, सकाळी ७:१५

येईल. घरगुती व्हाइस आणि माशाच्या बाजारात वापरतात तसला ताणकाटा, २० किलोपर्यंतचा, एवढं पुरे.

खिळा व्हाइसमध्ये आडवा धरा, निम्मा आत, निम्मा बाहेर. बाहेरच्या भागावर एक पोकळ पाइप सरकवा, पण पाइपचं तोंड आणि व्हाइसचा जबडा यांत १२ मिमी (खिळ्याच्या व्यासाच्या दुप्पट) जागा सोडा, नाहीतर खिळा वाकण्याऐवजी कातरला जाईल. पाइप खिळ्यावर सैल असेल तर कागदाची पट्टी गुंडाळून घट्ट करा. जबड्यापासून बरोबर ३०० मिमीवर पाइपला खूण करून तिथे काटा अडकवा. ओढायचं ते जमिनीला समांतर, म्हणजे पाइपचं वजन आकड्यात मिसळत नाही. आणि काटा पाइपशी कायम काटकोनात. पाइप फिरतो तसं तुम्हीही फिरा.

पाइप १० अंश फिरला असतानाचा आकडा लिहा, मग ४५ चा. एच.बी. तारेच्या ५.८९ मिमी खिळ्याला साडेसात किलोच्या आसपास यायला हवा. ॲनील केलेल्या तारेला साडेचार-पाच, आणि ४५ अंशांना तो वाढलेला दिसेल. प्रत्येक पुडक्यातले निदान पाच खिळे मोजा, एकावर विसंबू नका. भंगार वितळवून केलेल्या पोलादात नायट्रोजन आणि फॉस्फरस कमीजास्त असतात, म्हणून एका रॉडची तार दुसऱ्यासारखी नसते.

पंजा_ऐरोली | बुधवार, दुपारी २:००

हा काटा सोन्यासारखा आहे. यात लांबीचा हिशोब मी जोडतो, कारण सराव करणारे इथेच चुकतात.

आघूर्ण तेच, पण हातात येणारा जोर मुठींच्या अंतरावर अवलंबून. ६ इंची खिळ्यात प्रत्येक मुठीचा जोर मध्यापासून ५५ मिमीवर लागतो असं धरा. २२ न्यूटन-मीटरसाठी एका हाताला ४१ किलो. तोच दांडा कापून ५ इंची केला की अंतर ४२ मिमीवर येतं आणि जोर ५४ किलो. पोलादाचा कणही न बदलता तीस टक्के वाढ. म्हणून खिळा ‘जड’ झाला म्हणताना आधी फुटपट्टी लावा.

अमेरिकेत आयर्नमाइंडचा ‘रेड नेल’ जो प्रसिद्ध आहे, तो नावाला खिळा, प्रत्यक्षात ७ इंच लांब आणि ५/१६ इंच जाड कोल्ड रोल्ड सळईचा तुकडा. व्यास ७.९४ मिमी, घन ५००. आपल्या ४ गेजशी तुलना केली तर नुसत्या जाडीतच अडीच पट.

गुंडाळण्याबद्दल: प्रत्येक टोकाला वेगळी पट्टी, चामड्याची किंवा जाड कॅनव्हासची, साधारण १० सेंटीमीटर रुंद, ३० लांब. घट्ट गुंडाळा, हातात फिरली तर जोर वाया जातो. पंचाची चौपदरी घडी चालते, पण घाम आला की घसरते, आणि आपल्या दमट हवेत घाम येतोच. हॉट डिपचा खरबरीत दांडा कापडाला चांगला धरतो, प्लेटिंगचा गुळगुळीत दांडा आत फिरतो. ‘प्लेटिंगवाला जड’ असं जे वाटतं, त्यात हा घसरण्याचा वाटा मोठा आहे. टोक कानशीने घासून बोथट करा, डोकं तळहातात रुतत असेल तर तेही उडवा.

वाशीकर_मनोरे | बुधवार, रात्री ९:१०

वाकवताना मध्येच थांबलं की पुढे जड जातं, कारण खिळा थंड होतो. गरम असतानाच पुरा करावा, असं ऐकलंय. खरं आहे का? मग जी.आय. खिळ्याला आधी गॅसवर तापवला तर?

धातुवेत्ती | गुरुवार, सकाळी ६:५०

दुसरा भाग आधी: जी.आय. खिळा गॅसवर अजिबात तापवू नका. जस्ताचा धूर फुप्फुसात गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, वेल्डिंगवाल्यांना हा ताप चांगला माहीत असतो. साधा खिळा तापवून सराव करण्यातही अर्थ नाही, तो मग वेगळाच खिळा होतो.

पहिल्या भागाचा हिशोब करून बघा. २२ न्यूटन-मीटरने ९० अंश वाकवलं तर साधारण ३५ ज्यूल काम होतं. ते बव्हंशी उष्णतेत जातं आणि वळणातल्या १२ मिमी लांबीत, अडीच ग्रॅम पोलादात साठतं. तापमान वाढतं २५ ते ३० अंशांनी. हाताला चांगलं गरम लागतं, पण पोलादाची ताकद या फरकाने हलत नाही. थांबल्यावर जड वाटतं ते स्नायू थंडावल्यामुळे आणि पकड सुटल्यामुळे.

एक अपवाद मात्र आहे आणि तो मूळ प्रश्नाशी जोडलेला आहे. नरम पोलाद थंड वाकवून तसंच काही आठवडे ठेवलं, किंवा थोडं तापवलं, तर त्यातले नायट्रोजन-कार्बनचे अणू स्फटिकातल्या विस्कटलेल्या जागांपाशी जाऊन बसतात आणि त्या जखडून टाकतात. पोलाद पुन्हा कडक होतं, पण चिवटपणा घटतो. याला स्ट्रेन एजिंग म्हणतात. साध्या हवेत आठवडे लागतात, १०० ते २५० अंशांत ते मिनिटांत होतं. खिळा जस्ताच्या कढईत जातो तेव्हा या पट्ट्यातून जातोच. दांड्यापेक्षा डोक्याखालच्या मानेला हे जास्त बाधतं, कारण डोकं ठोकताना सर्वांत जास्त थंड काम तिथे झालेलं असतं. खिळा बनवून मग बुडवलेल्या मालात डोकं मानेत तुटतं त्याचं हे एक कारण. जस्ताच्या कढईत थंड वाकवलेले भाग ठिसूळ होऊ नयेत म्हणून अमेरिकेत ए.एस.टी.एम. ए-१४३ असं स्वतंत्र मानकच आहे. त्यात थंड वळणाची त्रिज्या जाडीच्या तिप्पट किंवा जास्त ठेवायचा सल्ला आहे.

म्हणून अर्धा वाकवलेला जी.आय. खिळा ‘पुढच्या महिन्यात पुरा करू’ म्हणून ठेवू नका. ठोकून सरळ करून पुन्हा वाकवू तर मुळीच नका. उलट दिशेला तो सुरुवातीला सोपा जातो, त्यामुळे फसगत होते, आणि तडे त्याच वळणावर जमतात.

जस्तभट्टी | गुरुवार, सकाळी ९:३०

तुटण्यावरून एक गोष्ट ठळकपणे लिहितो. काँक्रीटचे खिळे वाकवायला घेऊ नका. ते सुद्धा जस्ती रंगाचे असतात, दांडा जाडसर, कधी त्यावर खाचा. मध्यम-उच्च कार्बनचं पोलाद, पाणी पाजून कडक केलेलं, काठिण्य रॉकवेल सी मापावर ५० च्या आसपास.

अशा पोलादाला ॲसिड आणि प्लेटिंग दोन्ही बाधतात. पिकलिंगमध्ये आणि प्लेटिंगच्या आंघोळीत हायड्रोजन सुटतो, त्यातला काही पोलादात शिरतो. नरम कार्बनच्या खिळ्यात तो निरुपद्रवी, दोन-चार दिवसांत निघून जातो. पण १००० मेगापास्कलच्या वरच्या पोलादात तो तडा पाडतो, आणि तोही लगेच नाही, ताण दिल्यावर काही वेळाने. म्हणून कडक मालाला प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत २०० अंशांच्या आसपास भट्टीत कित्येक तास भाजावं लागतं. हे भाजणं झालं की नाही, ते खिळ्याकडे बघून कुणालाही सांगता येत नाही.

असा खिळा वाकत नाही. जोर साठत जातो आणि तुकडा उडतो. ओळखायला कानस लावा. एच.बी.च्या खिळ्यावर कानस चावते आणि भुसा पडतो, कडक खिळ्यावर ती काचेवर फिरल्यासारखी सरकते. सरकली की बाजूला ठेवा. चष्मा मात्र प्रत्येक खिळ्याला लावायचाच, आणि वाकणारा भागही फडक्याखाली झाकलेला असू द्या.

तारओढ_तळोजा | गुरुवार, दुपारी १२:४०

साहेबांचं बरोबर. दांड्यावर गोल कडी असलेले खिळेही नकोत, प्रत्येक कडीची खाच तडा सुरू करते. साध्या खिळ्यातही डोक्याखाली मशीनच्या पकडीच्या बारीक रेघा असतात. मधोमध वाकवता तोवर त्या आड येत नाहीत.

आणखी एक, यादी करणाऱ्यांसाठी. बारीक खिळ्याचं पोलाद जाड खिळ्यापेक्षा जास्त ताकदीचं असतं. बाजारात सर्वांत बारीक वायर रॉड सहसा ५.५ मिमीचा. त्यातून १० गेज (३.२५ मिमी) ओढायचं तर क्षेत्रफळ ६५ टक्के घटतं. ४ गेज ७ मिमी रॉडमधून ओढला तर घट जेमतेम २९ टक्के, ८ मिमीमधून ओढला तर ४६. दोन कारखान्यांचा ४ गेज सारखा का लागत नाही, त्याचंही हे कारण. नुसत्या घनाच्या गणिताने १० वरून ४ गेजला उडी मोजाल तर चुकाल, काटा लावूनच मोजा.

मनगट_ठाणे | गुरुवार, रात्री १०:०५

काटा लावला. पाइप, कागदाची पट्टी, ३०० मिमीची खूण, सगळं सांगितलं तसंच. साधे पाच खिळे: १० अंशांना ७ ते साडेसात किलो, ४५ लाही जवळजवळ तेवढंच. जी.आय. पाच: १० अंशांना साडेचार ते पाच, ४५ ला सहाच्या जवळ. वळणाच्या बाहेरून जस्ताला आडवे तडे, खाली पोलाद अखंड.

म्हणजे यादीत हे दोन वेगळे धरायचे. दुकानात आता काय मागू?

कळंबोली_बाजार | गुरुवार, रात्री १०:३०

‘जी.आय. द्या’ म्हणू नका. ‘खिळा करून मग हॉट डिप केलेला’ असं मागा आणि टोक बघून घ्या. साध्यात एच.बी. तारेचाच माल असतो. घरात ठेवायला किलो-दोन किलोच घ्या, ६ इंची ४ गेज किलोत तीसेक बसतात.

सरावासाठी कायम सारखा माल हवा असेल तर खिळ्याऐवजी ६ मिमीचा माइल्ड स्टीलचा ब्राइट बार (थंड ओढलेली चकचकीत सळई) घ्या, कळंबोलीच्या लोखंड बाजारात अख्खी लांबी मिळते. हॅकसॉने ६ आणि ७ इंची तुकडे करा. एका बारचे सगळे तुकडे एकाच ओढीचे, डोकं-टोक नाही, जस्त नाही. ई.एन.-८ चा बार चुकून घेऊ नका, त्यात ०.४ टक्के कार्बन असतो आणि तो बराच वरचा पडतो. बारच्या टोकाला रंगाची खूण असते, ती कापण्याआधी विचारून लिहून ठेवा.

वाशीकर_मनोरे | शुक्रवार, सकाळी ८:००

खाडीच्या वाऱ्याला साधे खिळे महिन्याभरात तांबूस होतात. गंजाने ताकद घटते का?

जस्तभट्टी | शुक्रवार, सकाळी ८:४०

वरवरचा तांबूस गंज मायक्रॉनमध्ये असतो, वाकवण्यात फरक पडत नाही. खड्डे पडलेले असतील तर टाकून द्या. साध्या खिळ्यांना मशीनच्या तेलाचा हात फिरवून झाकणाच्या डब्यात ठेवा, वापरण्याआधी रॉकेलच्या फडक्याने कोरडे पुसा. जी.आय. खिळे मात्र पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत कोंडू नका. ओल अडकली आणि हवा लागली नाही की जस्तावर पांढरी भुकटी चढते. ती ब्रशने झटकून उघड्या डब्यात ठेवलेत की चालतं.

मनगट_ठाणे | शुक्रवार, सकाळी ९:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. ब्राइट बारचे आकडे काट्यावर घेऊन याच धाग्यावर टाकतो.